दहा फेऱ्या आणि चोवीस खण

मी नगरपरिषदेत ज्युनिअर इंजिनिअर आहे. गाव कोणतं ते सांगत नाही, अजून नोकरी करायचीय. 'क' वर्ग नगरपरिषद, म्हणजे गटार तुंबलं तरी मॅडम, शाळेचे पत्रे उडाले तरी मॅडम, आणि गणपतीत विसर्जन कुंडाला पाणी कमी पडलं तरी मॅडमच. बाकी रुटीन सांगण्यासारखं काही नाही, एस्टिमेट, तांत्रिक मंजुरी, बिल, आणि परत एस्टिमेट. पण ही एक फाईल काही डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय.

बाजारतळामागे आमची एक जागा आहे. डीपीत (म्हणजे विकास आराखड्यात) क्रीडांगणाचं आरक्षण असलेला ३८ गुंठ्यांचा तुकडा आणि त्याला चिकटून पूर्वेकडे जुना कोंडवाडा, सहा गुंठे. कोंडवाडा म्हणजे मोकाट गुरं आणून कोंडायची जागा, त्याचा कायदाच १८७१चा आहे, आणि आमच्या भिंती बघितल्या तर त्याही तेव्हाच्याच वाटतात. दोन्ही मिळून साधारण ८९ बाय ५० मीटर. साहेबांनी सांगितलं, मैदान पण करा आणि कुत्र्यांचं काहीतरी पण करा, एकाच जागेत बसवा, म्हणजे कंपाउंड एकदाच घालायला लागेल.

आता मैदान म्हटलं की लोकांच्या डोक्यात काय असतं ते मला पाठ झालंय. पेव्हर ब्लॉक, ओपन जिम (जिचं पहिलं मशीन सहा महिन्यांत गंजतं आणि दुसऱ्यावर कपडे वाळत पडतात) आणि गावाचं नाव लिहिलेला सेल्फी पॉइंट. मी यातलं काहीच धरलं नव्हतं. कारण पहाटे साडेचारला आमच्या गावातली पोरं हायवेच्या कडेने पळतात. पोलीस भरतीसाठी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. समोरून उसाचे ट्रॅक्टर येतात, एकेकाला दोन ट्रॉल्या, लाईट बहुतेक एकच चालू. दोन वर्षांपूर्वी एका मुलीच्या पायावर चाक गेलं होतं. तेव्हा म्हटलं, ट्रॅक करायचा.

४०० मीटरचा ट्रॅक करा असं सगळेच म्हणतात, त्याला चार एकर लागतात हे कोणालाच माहीत नसतं. मी १६० मीटरचा बसवला. ४०-४० मीटरच्या दोन सरळ बाजू, दोन अर्धगोल आणि तीन लेन. १६० का, तर दहा फेऱ्यांत १६०० आणि पाच फेऱ्यांत ८००, मोजायला सोपं. आणि एक गोष्ट जी ठेकेदार हमखास चुकवतो: ट्रॅकची लांबी आतल्या कडेवर मोजायची नसते, कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेर मोजायची, कारण माणूस कडेवरून पळत नाही. कडेवरच १६० धरले तर प्रत्येक फेरीला जवळजवळ दोन मीटर जास्त, दहा फेऱ्यांत १९ मीटर, आणि भरतीत सेकंदावर मार्क जातात. म्हणजे पोरगा रोज इथे सराव करून स्वतःला स्लो समजणार. हे ३० सेंटिमीटर मी ड्रॉइंगवर लाल रंगात लिहिले होते.

ट्रॅक केल्यावर पूर्वेला १२ मीटर रुंद पट्टा शिल्लक राहत होता, म्हणजे कोंडवाडाच. तिथे कुत्र्यांचं नसबंदी केंद्र.

यासाठी मी एका मोठ्या शहरातलं सेंटर बघून आले होते स्वखर्चाने (टीए बिल अजून 'विचाराधीन' आहे). तिथल्या कंपाउंडरने जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. पिंजऱ्यांच्या मधली भिंत भरीव पाहिजे, जाळीची नको, कारण एक कुत्रं दुसऱ्याला बघून भुंकलं की अख्खी लाईन भुंकते आणि टाके ताणतात. दार आत उघडणारं, म्हणजे कुत्र्याने धडक मारली तरी दार बंदच होतं. कोटा फरशी ओली झाली की भूल उतरणारं कुत्रं त्यावर फतकल मारून पडतं, आणि खरखरीत कोबा केला तर त्यात घाण बसते, म्हणून मधलं काहीतरी. उतार मागे नाही, पुढे, गजांच्या बाहेरच्या नालीकडे. आणि नालीच्या चेंबरमध्ये काढता येणारी जाळीची बादली, कारण केसांनी चेंबर तुंबतो, गटारापेक्षा भयंकर तुंबतो.

पिंजऱ्यांचे खण किती, तर रोज चार ऑपरेशन्स, एका कुत्र्याचे आधीचे-नंतरचे मिळून सहा दिवस, म्हणून चोवीस. शिवाय चार वेगळे, चावा घेतलेल्या आणि रेबीजच्या संशयित कुत्र्यांसाठी. आणि एक डीप फ्रीझर. तो कशाला विचारतात सगळे. काढलेले अवयव मोजून नसबंदीवर देखरेख करणाऱ्या कमिटीला हिशोब द्यायचा असतो, नाहीतर ठेकेदार कागदावरच नसबंद्या करतो. गटाराच्या एमबीला (मोजमाप पुस्तकाला) पण असा हिशोब लागू झाला तर किती बरं होईल.

कोंडवाड्यावरचे शिपाई मामा ड्रॉइंग बघायला आले, चष्मा नव्हता म्हणून मीच वाचून दाखवलं. म्हणाले, "मॅडम, हे आषाढाच्या आत चालू करा. भादव्यात एकदा कुत्री माजावर आली की दिवाळी झाल्यावर गल्लोगल्ली पिल्लंच पिल्लं." मी बारचार्टमध्ये तीच तारीख धरली. सल्लागार आर्किटेक्टला जे तीन मीटिंगांत सुचलं नाही ते मामांनी उभ्या उभ्या सांगितलं. आर्किटेक्टने काय दिलं, तर थ्रीडी व्ह्यू. त्यात गोरी माणसं जॉगिंग करतायत, मागे पाईनची झाडं आणि एक गोल्डन रिट्रीव्हर.

त्या रिट्रीव्हरनेच घात केला.

बैठक सभागृहात होती. निवडणुका होऊन नवीन बॉडी आलेली, त्यामुळे इतकी वर्षं 'माजी' आणि 'भावी' असलेले सगळे आता नुसतेच नगरसेवक होते आणि सगळ्यांना बोलायचं होतं. व्ह्यू स्क्रीनवर आला आणि मागून आवाज, "श्रीमंतांच्या कुत्र्यांना बाग कशाला?" मग कोणीतरी सुप्रीम कोर्टाचा ७ नोव्हेंबर २०२५चा आदेश मोबाईलवर काढला. क्रीडा संकुलं, शाळा, दवाखाने, बसस्टँड इथली भटकी कुत्री हटवा आणि परत तिथे सोडू नका, असा तो आदेश. "कोर्ट म्हणतंय मैदानातनं कुत्री काढा, आणि मॅडम मैदानात कुत्री आणतायत." टाळ्या पडल्या.

मी सांगायचा प्रयत्न केला की आदेश मोकाट कुत्र्यांबद्दल आहे, मधे सात फुटी भिंत आहे, गेट मागच्या रोडवर वेगळं आहे. आणि खरा प्रश्न वेगळाच आहे. नियम असा की नसबंदी आणि लस झाली की कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं, पण या ठिकाणांची कुत्री परत सोडायची नाहीत, म्हणजे त्यांना कायमचं ठेवायला जागा लागणार, आणि माझे चोवीस खण सहा-सहा दिवसांचे आहेत, कायमचे नाहीत. त्यावर बोला म्हटलं. पण सभेला दवाखाना आणि अनाथाश्रम यातला फरक नको होता. "उचला आणि लांब टाका," एवढंच.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. कोंडवाड्याला लागूनच त्यांचं घर, भिंतीला भिंत. त्यांच्या पोराच्या पोटरीला कुत्रं चावलं होतं, इंजेक्शनांसाठी जिल्ह्याला चकरा मारलेल्या. मला वाटलं झालं, आता संपलंच. त्या म्हणाल्या, "पिंजरा असणार ना? मग असू द्या की. पिंजऱ्यातलं कुत्रं चावतंय होय?" दोघं-तिघं हसले. कोणीतरी म्हणालं, ताई बसा, नंबर लावून बोला. त्या बसल्या. त्यांचा नंबर काही परत आला नाही. आणि ज्यांनी सगळ्यात जास्त आरडाओरडा केला त्यांचं घर स्टँडपलीकडे, मैदानापासून दोन किलोमीटरवर.

शेवटी साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, ते केंद्र कचरा डेपोवर नेता येईल का? तांत्रिकदृष्ट्या?"

मी म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे."

खोटं नव्हतं ते. जागा आमचीच आहे, रिकामी आहे, भिंती कुठेही उभ्या राहतात. पण विचारलं नव्हतं म्हणून मी हे सांगितलं नाही की डेपो गावापासून चार किलोमीटरवर आहे, तिथल्या बोअरला मार्चनंतर पाणी नसतं, आणि खण रोज दोनदा धुवावे लागतात. पावसाळ्यात तिकडच्या रस्त्यावरून घंटागाडी कशीबशी जाते, गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर तिथे रोज येतील का हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं, मीही नाही. कचऱ्यावर आधीच टोळीने कुत्री असतात ते वेगळंच. हे सगळं तोंडात होतं. दीड तास बोलून घसा बसला होता आणि खरं सांगायचं तर ट्रॅक तरी वाचतोय ना, असा विचारही मनात येऊन गेला. ठराव एकमताने झाला.

आता ट्रॅक २०० मीटरचा होतोय, कोंडवाड्याची जागा धरून. दहाऐवजी आठ फेऱ्या. सरळ बाजू ५०-५० मीटरच्या धरल्या, त्यामुळे लांबीत तो इतका काठोकाठ बसतो की तीन लेन घेतल्या तर दोन्ही टोकांना भिंत हातभर पण लांब राहत नाही, म्हणून लेन दोनच कराव्या लागल्या. १०० मीटर सरळ पळायला आधीही बसत नव्हतं आणि आताही नाही, ८९ मध्ये १०० कुठून आणणार. म्हणजे एवढ्या भांडणातून काय मिळालं, तर दोन फेऱ्या कमी आणि एक लेन कमी. पोरं खूश आहेत, फक्की मारून आत्तापासूनच पळतात. पहाटे मुलींचीही बॅच असते. ते बघायला मी एकदा मुद्दाम पाचला गेले होते, बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. परत येताना त्या ताई दारात सडा टाकत होत्या. "काय हो मॅडम, पिंजरे कधी होणार?" मी म्हटलं, डेपोवर होणार. "मग आमच्या गल्लीतली कोण धरून नेणार तिकडं?" म्हणाल्या आणि उरलेलं पाणी टाकून आत गेल्या.

डेपोचं एस्टिमेट गेले तीन आठवडे माझ्या टेबलावर आहे. चोवीस खण, उतार पुढे, जाळीची बादली, फ्रीझर, सगळं तसंच कॉपी केलंय. फक्त पाण्याच्या आयटमपुढे 'टँकरने' लिहिलंय, आणि रोज किती लिटर, किती वर्षं, ते रकाने कोरेच ठेवलेत. आषाढ सुरू व्हायला फार दिवस नाहीत. मामा रोज येऊन विचारतात, गेली का फाईल.