का दोरोवरचं सोनं गेलं कुठं?

व्हेनिसहून परतलेले बहुतेक जण हेच विचारतात: ‘का दोरो’ या तिथल्या वाड्याच्या नावाचा अर्थ सोन्याचं घर ना? मग ग्रँड कॅनॉल या शहराच्या मुख्य कालव्यावरून तर नुसता पांढरा दगड दिसतो!

सोनं खरंच होतं. मरीनो कोंतारीनीनं १४२१च्या सुमारास हा वाडा बांधायला घेतला. त्याच्या हिशेबाच्या वह्या टिकल्या, म्हणून १४३१ साली झुआन दे फ्रांझा या रंगाऱ्याशी ठरलेलं काम बारकाव्यांसह कळतं. सिंह, गुलाब, कंगोऱ्यांवरचे गोळे यांना सोन्याचा वर्ख, एकूण २२ हजारांवर पानं. काही कोरीवकामामागे लाजवर्दी निळा. लाल दगड खुलावा म्हणून त्यावर तेल आणि व्हार्निश. वर्ख बसतो तेलाच्या थरावर. खाऱ्या, दमट वाऱ्यात आणि उन्हात तो थर झिजला की वर्खही सुटतो. उघड्यावरचं असं काम पुन्हापुन्हा करावं लागतं, आणि त्यासाठी कोंतारीनीइतका हौशी मालक पुढे मिळाला नाही.

पुढे वाडा हातोहात फिरला. खरं नुकसान मात्र पावसानं नव्हे, दुरुस्तीनं केलं. १८४६ साली रशियन प्रिन्स त्रुबेत्स्कोयनं तो नर्तिका मारी ताल्योनीसाठी घेतला. आर्किटेक्ट मेदूनानं चौकातला गॉथिक (मध्ययुगीन) शैलीतला उघडा जिना काढून टाकला. शिल्पकार बार्तोलोमेओ बोननं घडवलेला विहिरीचा लाल संगमरवरी कठडा विकला गेला.

१८९४ साली बॅरन जोर्जो फ्रांकेत्तीनं वाडा विकत घेतला. कठडा शोधून परत आणला, जिना पुन्हा उभा केला, आणि तळमजल्यावरची रंगीत दगडांची फरशी गुडघ्यावर बसून स्वतः जुळवली. मला त्या वाड्यातलं हेच सगळ्यात आवडतं, जरी ते मध्ययुगीन नाही. १९१६ला त्यानं वाडा आणि कलासंग्रह सरकारला दिला. १९२२ला तो गेला, संग्रहालय १९२७ला उघडलं.

अशा दर्शनी भिंतीत लक्ष ठेवायची नाजूक जागा म्हणजे दगडी पाट्या विटांना धरून ठेवणारे लोखंडी क्लॅम्प. गंजलं की लोखंड फुगतं आणि पाटी आतून फोडतं. म्हणून दुरुस्तीत स्टेनलेस स्टील वापरतात. सांध्यात सिमेंट नको, चुनाच हवा: सिमेंट ओल कोंडतं, मग क्षार विटेतच साठून तिचा भुगा करतात.

नव्यानं वर्ख का लावत नाहीत? दगडाच्या खाचांत जुन्या रंगाचा अंश उरला असेल तर तोही खरवडला जाईल. बघायचं असेल तर का दोरोच्या बोटीच्या थांब्यावरून नाही, समोरच्या मासळीबाजाराच्या काठावरून बघा. पूर्ण दर्शनी भाग तिथूनच दिसतो.