जिभेखालचा पडदा

थोरलीची जीभ मी पहिल्यांदा नीट पाहिली, तेव्हा ती सहा दिवसांची होती आणि जीव खाऊन रडत होती. तोंड पूर्ण उघडलेलं, पण जीभ काही वर उचलली जाईना. टोक मधोमध आत ओढलेलं, अगदी पत्त्यातल्या बदामासारखं. खाली एक पातळ, पांढुरका पडदा थेट टोकापर्यंत आलेला, जीभ खाली बांधून ठेवणारा.

तोवर मी सगळा दोष स्वतःच्याच माथी मारत होते. पाजायला घेतलं की टक्-टक् आवाज यायचा, पकड सुटून पुन्हा धरल्याचा. तासभर अंगावर असायची आणि खाली ठेवली की दहा मिनिटांत पुन्हा भुकेली. तिने तोंड काढलं की बोंड एका बाजूने चेपलेलं असायचं, नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं. चिरा पडलेल्या. पुढच्या पाजण्याची वेळ जवळ आली की माझ्या पायांची बोटं आपोआप आखडायची. सासूबाई म्हणायच्या, "पहिल्यांदा होतंच गं असं." होतं, पण इतकं?

डॉक्टरांनी आधी तिला पाजताना पाहिलं. मग दोनच प्रश्न विचारले: जन्मानंतर व्हिटॅमिन 'के'चं इंजेक्शन दिलंय ना, आणि घरात कुणाचं रक्त लवकर थांबत नाही असं आहे का. तिला कापडात घट्ट गुंडाळलं, जीभ वर उचलली आणि त्या पडद्याला कात्री लावली. मी मान फिरवली होती. वळून बघते तर झालंसुद्धा. रक्ताचे दोन-चार थेंब. लगेच पाजायला दिली, तर टक्-टक् नाही! चिरा भरायला मात्र आठवडा गेला. दुसऱ्या दिवशी जिभेखाली पांढरट चट्टा दिसला आणि पू झाला म्हणून मी फोन फिरवला. पू नव्हता तो. तोंडातली जखम भरताना अशीच दिसते म्हणे.

त्यामुळे धाकट्याच्या वेळी मी फारच शहाणी झाले होते. पाजताना दुखतंय म्हटल्यावर आठवड्याच्या आत त्याला दाखवायला घेऊन गेले, दुसरीकडे. तिथे दोन मिनिटांत निकाल लागला: जीभ मागच्या बाजूने बांधलेली आहे, शिवाय वरचा ओठही. दोन्ही लेझरने मोकळं करू, मग काही आठवडे दिवसातून पाच-सहा वेळा जखमेवर बोट फिरवून ती ताणायची. पाजताना कसं दिसतं, हे कुणी पाहिलंच नाही. ते बोट फिरवण्याचं ऐकून माझ्याच पोटात गोळा आला.

थोरलीच्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाल्या, "घेऊन ये. आणि येताना भुकेला आण." वीस मिनिटं त्या नुसत्या बघत बसल्या. मग मला मागे रेलायला लावलं. मी त्याच्यावर वाकून बोंड तोंडात कोंबत होते. त्यांनी त्याचं पोट माझ्या पोटाला लावलं, हनुवटी आधी टेकवली, आ मोठा होईपर्यंत थांबल्या. दुखणं तिथल्या तिथे निम्म्यावर आलं.

"आणि ओठ?" मी विचारलं.

"कुठल्याही तान्ह्याचा वरचा ओठ उचलून बघ. तिथे पडदा असतोच. जबडा वाढतो, दात येतात, तसा तो वर सरकतो."

घरी येऊन मी वाचत बसले. जिभेखालचा पडदा म्हणजे वेगळी दोरी नव्हेच. तोंडाच्या तळाच्या अस्तराचीच ती घडी आहे, जीभ उचलली की वर येणारी, असं न्यूझीलंडच्या निकी मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका अभ्यासात, जीभ मोकळी करायला पाठवलेल्या ११५ बाळांचं पाजणं तज्ज्ञांनी आधी नीट तपासलं. त्यातल्या सुमारे ६३ टक्के बाळांना कात्री लागलीच नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०२४ चा अहवालही हेच सांगतो: आधी पाजण्याची मदत, आणि कापल्यावर ते जखम ताणण्याचे व्यायाम नकोत.

मी कापण्याच्या विरोधात नाही. थोरलीला तेव्हा ती कात्री लागली नसती, तर मी महिन्याभरात अंगावरचं पाजणं सोडलं असतं. माझा राग त्या दोन मिनिटांच्या तपासणीवर आहे. 'आत्ता नाही कापलं तर पुढे बोलायला उशीर होईल,' असंही तिथे ऐकवलं होतं. जिभेच्या पडद्यामुळे बोलणं उशिरा सुरू होत नाही. फार तर काही मुलांना ठरावीक उच्चार जड जातात. गंमत म्हणजे जीभ मोकळी केलेली आमची थोरलीच साडेचार वर्षांची होईपर्यंत 'रंग'ला 'लंग' म्हणायची.

धाकटा दीड वर्षाचा असताना पळता पळता टेबलाच्या कडेवर आपटला. तोंडभर रक्त. डॉक्टरांनी ओठ उचलून पाहिला आणि हसायलाच लागल्या. वरच्या ओठाचा तोच पडदा फाटला होता. दहा मिनिटं कापड दाबून धरलं, टाका घातला नाही, आणि संध्याकाळी हा पुन्हा त्याच टेबलाभोवती पळत होता.