फुंकर

नव्या कन्सोलला फुंकर मारायला जागाच नाही. एक्सबॉक्स सिरीज एसला तर डिस्कचीही फट नाही. मे महिन्यातली कोल्हापुरी दुपार, वर पंखा गरगरतोय, पडद्यावर गेम अडकलाय आणि हात सवयीने कॅसेट शोधतोय. जुन्या गेमची साठ पिनांची ती कॅसेट उपसायची, तोंडाशी धरून फूऽऽ करायचं, परत दाबायची. फुंकरीने काही होत नव्हतं म्हणा. काढून बसवताना पिना घासल्या जायच्या आणि जोड लागायचा, एवढंच. उलट तोंडाच्या ओलीने पिना काळ्या पडायच्या. पण हे तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर पोरांनी त्याला रंकाळ्यात ढकललं असतं.

आता तेच जुने गेम नव्या एक्सबॉक्सवर चालवायचे, तर फुंकरीच्या जागी सेटिंग आलंय. बाहेरची ॲप चालवू देणारा डेव्हलपर मोड चालू करा, कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधून रेट्रोआर्च हा जुने गेम चालवणारा एम्युलेटर चढवा, गेम पेन ड्राइव्हवर ठेवा. ड्राइव्ह एनटीएफएस फॉरमॅटचाच हवा आणि त्याच्या परवानग्यांत ‘ऑल ॲप्लिकेशन पॅकेजेस’ला पूर्ण मुभा हवी, नाहीतर भरलेलं फोल्डर रिकामं दिसतं. मग डेव्हलपर मोडच्या डेव्ह होम या मुख्य पडद्यावर रेट्रोआर्चचा प्रकार ‘ॲप’वरून ‘गेम’ करायचा. नेमकं हेच राहून जातं. मेमरी कमी पडते, प्लेस्टेशन टूचे गेम धापा टाकतात आणि शिव्या बिचाऱ्या कन्सोलला.

एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग. १९८३च्या फॅमिकॉमचा, म्हणजे निन्टेन्डोच्या त्या कॅसेटवाल्या कन्सोलचा, प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा, सिरीज एसचा साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपास. म्हणजे हिंदकेसरीने रांगत्या पोराची चाल करून दाखवायची, तीही अडखळण्यासकट. फॅमिकॉमच्या चित्र काढणाऱ्या चिपला पडद्याच्या एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट, म्हणजे हलणारी छोटी चित्रं, दाखवता यायचे, नववा गायब. म्हणून गेम लिहिणारे दर फ्रेमला क्रम फिरवायचे आणि गर्दी झाली की सगळेच थोडे थोडे लुकलुकायचे. ही मर्यादा मेनूतून एका टिचकीत उठवता येते. उठवू नये, असं माझं ठाम मत आहे. कर्रकर्र न वाजणारी कापशी चप्पल घालून कोण महाद्वार रोडवर फिरतंय? “लई गुळगुळीत चाललंय भावा, पण मजा येईना,” असं होतं.

चित्र रुंद टीव्हीभर ताणणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. रुंदी-उंची चारास तीन ठेवा, मारिओला ढेरी आणू नका.

एक गोष्ट मात्र खुशाल सुधारावी. उडीचं बटण दाबलं आणि मारिओ खड्ड्यात, असं झालं तर आधी टीव्हीचा गेम मोड लावा. तरी भागलं नाही तर रेट्रोआर्चमधलं रन-अहेड, म्हणजे बटणाचा उशीर कापणारं सेटिंग, एक फ्रेमने वाढवा. सेकंदाला साठ फ्रेमच्या हिशेबात एक फ्रेम म्हणजे सुमारे सतरा मिलिसेकंद. हावरटपणाने तीन-चार ठेवलेत, तर उडीची सुरुवातच गिळली जाते.

‘डक हंट’ गेममधल्या बदकं मारायच्या बंदुकीचं काय करायचं, ते मात्र कळत नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरी चौकट यायची आणि बंदूक फक्त तो उजेड बघायची. एलसीडीवर चौकट उशिरा पोचते. तोवर निकाल लागलेला असतो. एम्युलेटरमध्ये स्टिकने नेम धरता येतो, पण टीव्हीच्या काचेला नळी टेकवून मारायची चोरटी सोय गेली. बदकं निघून जातात. कुत्रा मात्र गवतातून वर येऊन तसाच हसतो.