मोरीसाठी मोरबी

आमची बाथरूम ५ बाय ७ फुटांची. जुन्या फ्लॅटमध्ये बिल्डरने मोठ्या मनाने जेवढी द्यायची तेवढी दिली. खालच्या मजल्यावर पाणी झिरपायला लागलं आणि सगळं उखडून नव्याने करण्यावाचून इलाज उरला नाही. वॉटरप्रूफिंग, कोबा, पाइप, हे सगळं मिस्त्रीने परस्पर ठरवून टाकलं. आमच्याकडे एकच निर्णय आला, टाइल्सचा, आणि घरात तीन आठवडे दुसरा विषय नव्हता.

हिशेब तसा सरळ. चार भिंती मिळून २४ फूट, सात फूट उंची, दाराचं वजा केलं की दीडशे चौरस फूट. एक बाय दोनची टाइल घेतली तर ७५, वर तुटफुटीच्या दहा टक्के. कागदावर पाच मिनिटांत झालं. मग दुकानात गेलो.

दुकानात टाइल्स नसतात, भिंती असतात. एक ओढली की मागून दुसरी निघते, ग्रंथालयातल्या फिरत्या कपाटांसारखी. माल बहुतेक सगळा गुजरातेतल्या मोरबीचा. मोरीसाठी मोरबी, असं मी बायकोला म्हटलं. ती हसली नाही, कारण ती तेव्हा ‘डार्क, लाइट, हायलायटर’ या त्रिकुटासमोर उभी होती. खाली गडद, वर फिका आणि मधल्या पट्ट्यात हायलायटर, म्हणजे चित्राची टाइल. चित्रं ठरलेली: शिंपले, गुळगुळीत गोटे, बांबू, आणि एकावर एक रचलेल्या दगडांशेजारी जळती मेणबत्ती. ‘‘रोज सकाळी दात घासताना मेणबत्ती बघायची का?’’ असं तिने विक्रेत्याला विचारलं. त्याने शांतपणे पुढची भिंत ओढली.

काळी चकचकीत टाइल मला आवडली होती. दिव्याखाली फार रुबाबदार दिसत होती. पण मेव्हणीकडे तशीच आहे आणि त्यांच्या सोसायटीत बोअरचं पाणी. क्षारांचे पांढरे ओघळ महिन्याभरात उमटले. आता आंघोळ करणाऱ्यानेच वायपर मारून बाहेर यायचं, असा त्या घरचा नियम आहे. पाहुण्यांनाही. काळी बाद.

लहानपणी आमच्याकडे मोरी होती आणि मोरीत शहाबादी फरशी. तिथे डोळ्यांना काही काम नव्हतं, कारण पहाटे बंबाच्या धुरात दिसायचंच नाही. पुढे आम्ही ब्लॉकमध्ये राहायला आलो, तिथे खाली मोझॅक. संगमरवराचे बारके तुकडे सिमेंटमध्ये बसवून घासलेले, त्यामुळे एक फरशी दुसरीसारखी नाही. संडासाच्या दाराशी एक उंट होता. त्याच्या जरा डावीकडे चिडलेला पोलीस. बहिणीला तोच पोलीस बदक वाटायचा आणि यावरून आमची खरीखुरी मारामारी झालेली आहे. माणूस घरातल्या दुसऱ्या कुठल्याही भिंतीकडे इतका वेळ, इतक्या रिकाम्या डोक्याने पाहत नाही.

म्हणूनच असेल, शेवटी आम्ही संगमरवरी दिसणारी पांढरी निवडली. करड्या शिरांची. संगमरवर अर्थात नाही; सिरॅमिकवर छापलेलं चित्र. विक्रेता म्हणाला, ‘‘रँडम आहे सर.’’ त्यांच्या भाषेत रँडम म्हणजे चार वेगवेगळी चित्रं. पाचव्या टाइलपासून पुन्हा पहिलं.

मिस्त्रीला शिरांशी देणंघेणं नव्हतं. त्याने दोनच प्रश्न विचारले. जमिनीला काय घेतलं? दोन बाय दोन म्हटल्यावर त्याने मान हलवली. ‘‘ढाळ कसा देऊ साहेब? पाणी चहूकडून जाळीकडं यायला पायजे. एवढी मोठी टाइल वाकत नाही.’’ मोठी घेतली तर जाळीपासून तिरकी कापावी लागली असती. ती परत करून एक बाय एक, खरखरीत मॅट आणली. दुसरा प्रश्न: ‘‘कट कुठं टाकू?’’ सात फुटांत एक फुटी थर बरोब्बर सात बसतात, पण आडवं कुठेतरी कापावंच लागतं. तो कापलेला तुकडा कुठल्या कोपऱ्यात जाणार, हे खरं डिझाइन. त्याने स्वतःच उत्तर दिलं, ‘‘दाराआड घालतो.’’ अख्खी टाइल दारातून शिरल्याबरोबर समोर, तुकडे दाराआड. दार लावून आत बसणाऱ्याला नेमके तेच दिसतात, हे मी बोललो नाही.

आता दोन महिने झाले. मी आतापर्यंत तीच वळणदार शीर १९ टाइलांवर मोजली आहे. कृष्णेसारखी वाटते, खाली येऊन दोन फाटे फुटलेली. गीझरखालच्या टाइलवर मात्र नदी उलटी वर चढते. टाइलच्या पाठीवर दिशा दाखवणारा बाण असतो, तो तिथे चुकला. आठ दिवस मी ही गोष्ट पोटात ठेवली, म्हटलं उगाच बायकोला टोचत राहील. शेवटी न राहवून सांगितलं.

‘‘गीझरखालची ना?’’ ती म्हणाली. ‘‘सिमेंट ओलं होतं तेव्हाच दिसली मला. आणि आरशामागे दुसरी आहे, ती तू अजून बघितलेली नाहीस.’’