परतीची राणी

“मग बाबा, त्यांना घरी यायचंच नव्हतं का?”

इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या डंजनेस किनाऱ्याच्या गोट्यांवर उभं राहून लेकीनं विचारलं. समोर लाल क्लोव्हर या चाऱ्याच्या रोपाच्या तुऱ्यात एक गुबगुबीत बंबलबी, म्हणजे मधमाशीची केसाळ बहीण, डोकं खुपसून बसली होती, मागचे पाय परागांनी पिवळेधम्मक. ही साधीच. आम्ही आलो होतो ‘आखूड केसांच्या’ बंबलबीसाठी. ब्रिटनमध्ये ती शेवटची दिसली इथेच, १९८८ साली.

तिच्या पूर्वजांना १८८०च्या दशकात बोटीनं न्यूझीलंडला नेलेलं, क्लोव्हरच्या परागीभवनासाठी. इथल्या संपल्या, तिथल्या टिकल्या. मग त्यांनाच परत आणायचं ठरलं. पण तिकडचा उन्हाळा म्हणजे इकडचा हिवाळा! शीतनिद्रेचं गणित काही जमेना, बऱ्याच राण्या झोपेतच गेल्या. शेवटी २०१२ मध्ये स्वीडनहून राण्या आणून इथे सोडल्या.

हे सगळं लेकीला मीच ऐकवलं होतं. (हौस, दुसरं काय.)

आता तिच्या प्रश्नाचा डोक्यात भुंगा लागलाय. दर डिसेंबरला साताऱ्याला गेलो की दुसऱ्याच दिवशी माझं पोट बिघडतं. आई ओव्याचं पाणी पुढे करते आणि म्हणते, “तुला आता इथलं मानवत नाही रे.”