यवतेश्वरचा घाट गेमबॉयवर : चौथी नोंद

मागच्या नोंदीत मी छाती ठोकून लिहिलं होतं, की पावसाळा संपायच्या आत साताऱ्याच्या समर्थ मंदिरापासून यवतेश्वरपर्यंतचा घाटरस्ता माझ्या बाइकच्या खेळात, गेमबॉयवर (निन्टेंडोचं हातात धरून खेळायचं जुनं यंत्र) चालता करतो. पावसाळा संपला, कासची फुलं येऊन गेली, रस्ता काही झाला नाही. झाला तो दिवाळीच्या सुट्टीत. आणि ज्या वळणानं तीन महिने अडवलं ते सुटलं ते डोकं लढवून नाही, पावसामुळेच सुटलं. ते खाली येईलच.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात मागचं. या सगळ्याची सुरुवात माळ्यावर सापडलेल्या ब्रिक गेमपासून झाली. तोच तो, अंगावर '९९९९ इन वन' लिहिलेला, आत खरे खेळ दहा-बारा आणि बाकीचा आकडा वेग आणि लेव्हल बदलून फुगवलेला. सेल आत फुटून पाझरले होते, पत्र्यांवर पांढरा-हिरवा थर. कापसाला व्हिनेगर लावून पत्रे पुसले. पडद्याचे दोन उभे रकाने दिसत नव्हते. काच आणि बोर्ड यांच्यामध्ये जी रबरी पट्टी असते, झेब्रा स्ट्रिप, ती काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, नीट बसवून स्क्रू पुन्हा आवळले, रकाने परत आले. त्यातला गाड्यांचा खेळ लावून पुतण्याच्या हातात दिला. तीन चौकटी रुंद, चार चौकटी उंच अशी ती आपली लाडकी गाडी बघून तो म्हणाला, "काका, हा बेडूक आहे का?"

बेडूक तर बेडूक. पण तेव्हा डोक्यात एक किडा शिरला. १० बाय २० चौकटींच्या पडद्यावर निदान बेडकासारखी का होईना, गाडी निघते. बाइक निघत नाही. वरून बघितली तर बाइक म्हणजे एक उभी काडी. आपल्या पिढीनं हातातल्या खेळांत गाड्या भरपूर पळवल्या, पण बाइकचे खेळ त्या मानानं कमी का, आणि असलेले वेगळेच का वाटतात, हे बघायचं म्हणून मी गेमबॉयसाठी बाइकचा खेळ लिहायला घेतला. रस्ता कुठला घ्यायचा हा प्रश्नच नव्हता.

यंत्र १९८९चं पहिलं जाडजूड गेमबॉय, आतेभावाच्या कृपेनं मिळालेलं. पडद्याच्या चार उभ्या रेषा गेलेल्या होत्या. पडद्याखालच्या रिबनवरून सोल्डरिंग आयर्नचं टोक हळूहळू फिरवलं, तीन आल्या. चौथी रुसली ती रुसलीच. अगदी कडेला आहे, म्हणून तिला सोडून दिलं.

आता रस्ता. गेमबॉयचा पडदा १६० बाय १४४ पिक्सेलचा, छटा चार. थ्रीडी वगैरे काही त्याला येत नाही. त्याला येतं ते एवढंच, की मागचं २५६ बाय २५६चं चित्र डावी-उजवीकडं, वर-खाली सरकवणं. पण हे डावी-उजवीकडं सरकवणं प्रत्येक आडव्या ओळीला वेगळं करता येतं, आणि सगळी गंमत तिथंच आहे. मागच्या चित्रात मी सरळसोट रस्ता काढून ठेवलाय, खाली रुंद, वर निमुळता. पडदा ओळीओळीनं रंगत असताना प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी जास्त सरकवली, की डोळ्याला रस्ता वळलेला दिसतो. त्याच वेळी छटांचा रजिस्टरही (कुठली छटा कशी दिसावी हे ठरवणारा यंत्रातला कप्पा) बदलत गेलो, तर रस्त्यावरचे गडद-फिके पट्टे अंगावर धावून येतात. चित्रातला एक ठिपकाही बदलत नाही.

सांगायला सोपं. एका ओळीला प्रोसेसरचे ११४ मशीन सायकल, म्हणजे कामाचे ठोके, मिळतात, बस्स. मी आधी सगळं सी भाषेत लिहिलं होतं, त्यात इंटरप्टमध्ये (चालू काम मधेच थांबवून ओळीचं काम करायला)  शिरायला आणि बाहेर पडायलाच बराचसा वेळ जाई. मग तीन ओळींतून एकदा सरकवणं जमायचं आणि रस्ता करवतीसारखा दिसायचा. शेवटी तेवढा तुकडा असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या बोलीत, लिहिला. श्रावण त्यातच गेला. वळणांचे आकडे आधीच काढून तक्त्यात भरून ठेवले : वळणाचे सात प्रकार, प्रत्येकाच्या, पडद्यावर रस्ता जेवढ्या ओळी व्यापतो तेवढ्या, ८० ओळी, म्हणजे ५६० बाइट. इथं थोडी लाज वाटली. मॅटेलनं १९७६ साली 'ऑटो रेस' काढला, लाल एलईडीच्या रेघांची गाडी, चार गिअर, ९९ सेकंदांत चार फेऱ्या. तो आख्खा खेळ ५१२ बाइटच्या आत बसवलेला होता. माझी नुसती वळणं त्यात मावत नाहीत.

साधी वळणं झाली. मग आला यू आकाराचा हेअरपिन. यवतेश्वरला चढताना जिथं एसटी समोरून आली की आपण आपोआप कडेला दबतो, तसलं वळण. या तंत्रात वळण वर जाईल तसं वर्गाच्या हिशेबानं वाढतं, म्हणजे दुप्पट ओळी वर गेलं की सरकणं चौपट. हेअरपिन वाटावा म्हणून मी क्षितिजापाशी २२० पिक्सेलचं सरकणं दिलं. पडद्याच्या मध्यापासून कड आहे ८० पिक्सेलवर. त्यामुळं खालून ४८ ओळी गेल्या की रस्ता पडद्याबाहेर निघून गेला. ते अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते असं, की वरच्या आठेक ओळींत डाव्या बाजूला, दरीत, दुसराच एक रस्ता उगवला!

रात्री साडेबाराला मी त्या रस्त्याकडं बघत बसलो होतो. उलगडा व्हायला दोन दिवस लागले, आणि उलगडल्यावर कपाळावर हात मारून घेतला. मागचं चित्र २५६ रुंद आहे आणि ते गोल फिरतं, उजवीकडून गेलेलं डावीकडून येतं. २२०नं उजवीकडं ढकललेला रस्ता म्हणजेच ३६नं डावीकडं ढकललेला रस्ता. माझा हेअरपिन पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आला होता.

वळण कमी करून बघितलं. मग ते यवतेश्वर राहत नाही, महामार्गाचा बायपास होतो. जुन्या खेळांची युक्तीही करून बघितली : रस्ता फार वळवायचाच नाही, मागचे डोंगर भराभर सरकवायचे आणि खेळणाऱ्याला बाहेरच्या बाजूला ढकलत राहायचं. वेगानं पळणाऱ्या रस्त्याला ही युक्ती छान चालते. घाटात नाही चालत, कारण घाटात भीती वाटते ती पुढचा रस्ता दिसत नसल्याची.

सप्टेंबरात एका रविवारी सकाळी खऱ्या बाइकवर वर गेलो. अर्ध्या घाटात धुकं उतरलं. पुढचं पंधरा-वीस पावलांवरचं दिसेना. आणि तिथंच, रेनकोटातून पाणी आत जात असताना, डोक्यात उजेड पडला : रस्ता ८० ओळी दाखवायचाच कशाला?

हिशेब बघा. ८० ओळींत २२० पिक्सेल वळणारा रस्ता, वर्गाच्या नियमानं, ४८ ओळींत फक्त ७९ पिक्सेल वळतो. पडद्याची कड ८०वर. एक पिक्सेल राखून आख्खा हेअरपिन पडद्यात! वरच्या ३२ ओळींवर धुकं पसरवायचं. चार छटांच्या पडद्यावर त्याहून स्वस्त गोष्ट नाही, नुसती छटा फिकी करायची आणि मधे ठिपके टाकायचे. दरीतला भुताचा रस्ता धुक्यात गडप. वर ३२ ओळींचं गणित वाचलं ते वेगळंच. आता हेअरपिन जवळ आला की दीड-दोन सेकंदांत धुकं खाली उतरतं, वळण संपलं की वर जातं. समोरची गाडी उशिरा दिसते. पहिल्यांदा जीप धुक्यातून बाहेर आली तेव्हा मी खुर्चीत दचकलो. स्वतः लिहिलेल्या खेळाला दचकणं म्हणजे जरा अतीच, पण दचकलो खरा.

आता गाडी आणि बाइक यांच्याबद्दल, कारण मूळ किडा तोच होता. पहिला शोध अगदी कोरडा आहे. गेमबॉय एका आडव्या ओळीत जास्तीत जास्त दहा स्प्राइट (मागच्या चित्रावर फिरणारी छोटी चित्रं) दाखवतं, प्रत्येक ८ पिक्सेल रुंद. माझी जीप ३२ पिक्सेल रुंद, म्हणजे तिला एका ओळीत चार लागतात. बाइकला दोन. आपली बाइक आणि दोन जीप झाल्या की दहाचा कोटा संपला, तिसरी जीप अर्धी गायब. पण बाइक असतील तर पाच शेजारीशेजारी धावतात. बाइक स्वस्त पडते, बाजारातल्यासारखीच. याचा तोटा असा, की फुलांच्या हंगामातली कासच्या रस्त्यावरची पुणेकरांच्या गाड्यांची रांग गेमबॉयवर दाखवता येत नाही. बरंच आहे म्हणा.

तुम्ही करणार असाल तर एक सूचना : आपली बाइक स्प्राइटच्या यादीत सगळ्यात आधी ठेवा. ओळीतले दहा निवडताना यंत्र यादीच्या क्रमानं जातं. माझी शेवटी होती. जीपांच्या मधे शिरलं की मीच नाहीसा व्हायचो.

दुसरा शोध मला जास्त आवडला. गाडीच्या खेळात बटण दाबलं की गाडी सरकते. ब्रिक गेममधला बेडूक तर उडीच मारतो, या लेनमधून त्या लेनमध्ये. बाइकच्या खेळात बटण आणि सरकणं यांच्या मधे तोल असायला हवा. सेगाच्या १९८५च्या 'हँग-ऑन'मध्ये यू सुझुकी आणि मंडळींनी सरळ नकली बाइकच दिली होती, तिच्यावर बसून अंगानं झुकायचं. निन्टेंडोच्या १९८४च्या 'एक्साइटबाइक'मध्ये (मी गेमबॉय ॲडव्हान्सवर खेळतो) उडीनंतर पुढचं चाक कसं टेकतं यावर सगळं. कोनामीच्या 'मोटोक्रॉस मेनियाक्स'मध्येही चाकांचाच खेळ. हे सगळे तोलाचे खेळ आहेत, त्यातली बाइक निमित्ताला.

म्हणून माझ्या खेळात बटणानं बाइक सरकत नाही, झुकते. झुकलेली बाइक मग सरकते. सरळ बाइक पूर्ण झुकायला आधी १६ फ्रेम (पडदा एकदा रंगला की एक फ्रेम) दिल्या होत्या, तेव्हा ती उसाची ट्रॉली वाटायची. चार फ्रेम दिल्या तर पुन्हा जीप. आठवर जमलं, म्हणजे सेकंदाच्या साधारण साडेसाताव्या भागावर. एवढ्याशा विलंबात सगळी बाइक आहे. वळण यायच्या आधी झुकायला लागतं, वळण सुटायच्या आधी उठायला लागतं. पुतण्या पहिल्या दिवशी सात वेळा दरीत गेला, तिसऱ्या दिवशी एकदाही नाही.

झुकण्याच्या पाच पोझ आहेत. काढल्या तीनच, उरलेल्या दोन यंत्राकडून आडव्या उलट करून घेतल्या; गेमबॉयला ते फुकटात येतं. मोठ्या ऐटीत नाक्यावरच्या गॅरेजवाल्या अण्णांना दाखवलं. त्यांनी डावीकडं झुकवली, उजवीकडं झुकवली, आणि विचारलं, "सायलेन्सर पलीकडं कधी गेला ओ?" उलट केलेल्या चित्रात सायलेन्सर डावीकडं येतो! महिनाभर मला दिसलं नव्हतं. अण्णांना अर्ध्या मिनिटात दिसलं. आता पाचही पोझ वेगळ्या काढल्यात, एका पोझला १२८ बाइट, म्हणजे २५६ बाइटचा भुर्दंड. अण्णांसमोर इज्जत राहण्यासाठी ही काही फार किंमत नाही.

या पाच पोझमधूनच नवं खूळ निघालं. आमच्या घरी प्रिया स्कूटर होती, इथंच साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात बनलेली. तिचं इंजिन उजव्या अंगाला, त्यामुळं स्कूटर त्या बाजूला जड. वडील अजून सांगतात, की उजवं वळण ती स्वतःहून घ्यायची, डाव्याला विनवणी करावी लागायची. तोलाचं गणित आधीच लिहिलेलं असल्यामुळं दोनच आकडे बदलले : उजवीकडं पूर्ण झुकायला सहा फ्रेम, डावीकडं अकरा. वेग कमी, ब्रेक नावापुरता. सिलेक्ट बटण दाबून धरलं की बाइकऐवजी प्रिया येते. खेळायला ती बाइकपेक्षा अवघड आहे आणि खरं सांगायचं तर जास्त मजेची आहे.

आता राहिलाय आवाज. गेमबॉयच्या चार आवाज-वाहिन्यांपैकी नॉइजची, म्हणजे खरखरीची, एक आणि पल्सची, म्हणजे सुराची, एक वापरून टू-स्ट्रोकचा फटफटाट तयार केला, बराच वेळ खपून. रविवारी वडिलांना हेडफोन लावून ऐकवला. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकला. हेडफोन काढून म्हणाले, "ही प्रिया नाही रे, ही आपली सदर बाजारातली पिठाची गिरणी आहे."