सेल गेला जी

बोलणाऱ्याचा माईक मारायचा असेल तर तो एकदम मारायचा नसतो. खटकन आवाज तोडला की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं की कुठून तरी इशारा आला. फेडरवर, म्हणजे मिक्सरवरच्या आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या दांडीवर, बोट ठेवायचं, तीन-चार सेकंदांत हळूहळू खाली आणायचा, मध्ये एकदा जरासा वर न्यायचा आणि मग पार खाली. ऐकणाऱ्यांना वाटतं सेल संपला. बोलणाऱ्यालाही तेच वाटतं. ही युक्ती मला कोणी शिकवली नाही, माझी मीच काढली. मागच्या डिसेंबरपर्यंत हाताखालच्या पोरांना ती कौतुकानं दाखवायचो.

नागपुरात व्याख्यानांना माईक लावणं हा माझा धंदा. लग्न, वरात, डीजे करत नाही. डीजेवाले मित्र हसतात, "दोन डबे अन् एक माईक घेऊन जातो बे तू, त्यात काय एवढं?" त्यांना एकदा बसवा म्हणावं. गाण्यात एखादा शब्द गेला तर चाल सांभाळून घेते. व्याख्यानात 'स', 'श', 'फ' गेले की वाक्यच गेलं. आणि ही अक्षरं जिथे ऐकू येतात, त्याच वरच्या पट्टीत माईकला शिट्टी सुटते. म्हणजे शब्द कळायला ती पट्टी वर हवी आणि शिट्टी टाळायला खाली हवी. त्या दोघांच्या मधल्या केसभर जागेत मी दोन तास बसलेला असतो. खालची घरघर आधीच कापून टाकतो, फरशी आणि काचांच्या हॉलमध्ये तर जास्तच. रिकाम्या हॉलमध्ये पाचला केलेलं सेटिंग साडेसहाला माणसं भरली की बदलतं, कारण माणसं आवाज पितात. थंडीत स्वेटर-शाली घालून आली तर आणखी पितात. हे आयोजकांना सांगितलं तर ते माझ्याकडे असं बघतात, जणू मी बिल वाढवायची तयारी करतोय.

वक्त्यांबद्दल काय सांगू! माईक तोंडापासून वीतभर असावा. अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलनं पडतो, आणि तो भरून काढायला मी वर चढवला की शिट्टी. पण प्राध्यापक मंडळी माईक बाजूला सारतात आणि म्हणतात, "मला याची गरज नाही." तुम्हाला नाही हो, पंधराव्या रांगेतल्या आजींना आहे. राजकारणी परवडले, ते निदान माईकला चिकटून बोलतात.

या शहराला व्याख्यानांची खोड जुनी. विद्यापीठ १९२३ सालचं, विदर्भ साहित्य संघही त्याच सालचा. दिवाळी झाली की सुरू होतं ते होळीपर्यंत. मे महिन्यात बोलणाराही नसतो आणि ऐकणाराही. एकेका संध्याकाळी बर्डीपासून शंकरनगरपर्यंत तीन ठिकाणी तीन व्याख्यानं असतात आणि तिन्हीकडे पहिल्या रांगा ठराविक मंडळींनी भरलेल्या. सत्कार मात्र सगळीकडे व्याख्यानापेक्षा लांबतो.

तर डिसेंबरमधला तो रविवार. हॉलचं आणि संस्थेचं नाव लिहीत नाही, पोट तिथेच आहे. विषय होता नाग नदी आणि शहरातले तलाव. वक्ते भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी कॉलर माईक निमूट लावू दिला, तेव्हाच मी खूश झालो. बोललेही छान. लाव्हा गावाकडच्या टेकड्यांतून नदी कशी निघते, अंबाझरी तलावापाशी शहरात कशी शिरते, गोंड राजा चांद सुलतानानं बांधलेला जुम्मा तलाव आधी शुक्रवारी तलाव आणि मग गांधीसागर कसा झाला. मग २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट. मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी ओसंडला, पाणी नदीच्या काठाकाठानं वस्त्यांत शिरलं. समोरचे अर्धेअधिक लोक धरमपेठ-शंकरनगरकडचे. कोणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या कानाला एवढा स्वच्छ हॉल वर्षातून एकदोनदाच मिळतो.

मग प्रश्नोत्तरं. प्रश्नांसाठी फिरवायच्या कॉर्डलेस माईकमध्ये मी नेहमी त्याच वेळी नवे सेल घालतो. हा माझा नियम. जुन्या सेलवर चालवणारे आहेत, त्यांची नावं नको. आणि प्रश्नोत्तरांबद्दल माझं मत कडू आहे. दहातले सात जण प्रश्न विचारायला उठतच नाहीत, स्वतःचं राहून गेलेलं भाषण करायला उठतात. पहिल्या गृहस्थांनी आपल्या निवृत्तीपासून सुरुवात केली. दुसऱ्यांनी शासनाला एक सूचना केली, वक्ते म्हणजे जणू शासनच. तिसरे उठले ते मागच्या रांगेतले एक काका. मफलर, हातात कापडी पिशवी. माईक दोन्ही हातांनी धरलेला, आरतीच्या तबकासारखा.

"नमस्कार जी. सर, चांगलं सांगितलं तुम्ही. माझा काही प्रश्न नाही, मी त्या रात्री घरीच होतो, तर आमच्या इकडचं..."

आयोजकाचा इशारा कमरेपाशी असतो, तळहात पालथा करून खाली दाबल्यासारखा. हॉल साडेआठला सोडायचा होता, पुढच्या तासाचं भाडं वेगळं, बाहेर चहा ओतून झाला होता. तो इशारा मी पाहिला, हे खरं. पण 'माझा काही प्रश्न नाही' हे शब्द ऐकले तेव्हाच माझं बोट फेडरवर गेलं होतं, की इशारा पाहिल्यावर गेलं? तेव्हापासून मी हेच आठवून राहिलोय. मला वाटतं, बोट आधी गेलं.

माईक मस्त मारला. हळूहळू, मध्ये किंचित वर, मग खाली. काका थोडा वेळ तसेच बोलत राहिले. मागून कोणी तरी ओरडलं, "आवाज नाही!" त्यांनी माईकवर दोनदा टिचकी मारली, उलटा करून पाहिला आणि माईक फिरवणाऱ्या पोराला परत दिला. पोरानं माझ्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं. सूत्रसंचालकांनी वेळेअभावी वगैरे म्हणून आभार उरकले.

मी सरांचा कॉलर माईक काढायला गेलो तर त्यांनी विचारलं, "त्या गृहस्थांचा माईक कशानं बंद पडला हो?"

"सेल गेला, सर."

"अरेरे. त्यांच्या घरचं काही सांगत होते."

पिशवीवाले काका तोवर निघून गेले होते. आयोजक येऊन पाठीवर थाप मारून गेला. "भाऊ, मस्त सांभाळलं."

रात्री घरी रेकॉर्डिंग साफ करायला बसलो. इथे थोडं तांत्रिक सांगावं लागेल. हॉलमध्ये कोणाचा आवाज किती सोडायचा हे फेडरवर ठरतं, पण रेकॉर्डरची लाईन मी फेडरच्या आधीच काढून घेतो, म्हणजे हॉलमधली माझी वरखाली त्यात येत नाही. माझ्या मिक्सरवर म्यूटचं बटण दाबलं असतं तर रेकॉर्डिंगमधूनही आवाज गेला असता. मी बटण दाबलं नव्हतं. ते बटण वापरणाऱ्यांना मी अडाणी म्हणतो.

हेडफोन लावला होता. काका अगदी कानाशी बोलत होते.

"...आमच्या घरी पाणी आधी रस्त्यावरून नाही आलं जी. मोरीतून वर आलं. मी खाटेवरून उतरलो तर पाय पाण्यात. दार उघडून पाहिलं तर गल्लीत काहीच नाही, पावसाचं ओलं तेवढं. मग संडासातून यायला लागलं. नदीचं पाणी गल्लीत आलं ते त्याच्यानंतर अर्ध्या तासानं. तर सर, आधी आलं ते पाणी कोणाचं म्हणायचं? आम्ही पाळ करून दार अडवलं, मोरी कशी अडवावं? ऐकू येऊन राहिलं का?" टक, टक. "याचा सेल गेला जी."

मी काही इंजिनिअर नाही. नदी तुडुंब भरली की तिच्यात सुटणारी गटारं उलटी फिरतात, एवढंच असेल ते. सरांनी दोन मिनिटांत समजावलं असतं. किंवा समजावता समजावता स्वतःच अडखळले असते, काय सांगावं. पण त्या संध्याकाळी विचारलेला प्रश्न म्हणावा असा तेवढा एकच, आणि तो माणूस म्हणत होता, माझा काही प्रश्न नाही.

दुसऱ्या दिवशी आयोजकाला फोन केला, सरांचा नंबर मागितला. "कशाला?" म्हणाला. मी काही तरी सांगितलं. "पाठवतो" म्हणाला, पाठवला नाही. रेकॉर्डिंगमधली प्रश्नोत्तरं कापून द्यायला मात्र त्यानं दोनदा आठवण केली. दिली कापून. काकांचा पत्ता लागायचा प्रश्नच नव्हता, व्याख्यानाला येणाऱ्यांची हजेरी कोण घेतं! ते दोन सेल मी त्या माईकमधून काढले आणि मीटर लावून पाहिले. माहीत असून पाहिले. दोन्ही भरलेले होते.

कार्ड अजून तसंच ठेवलंय, पुढच्या कामाला दुसरं घेतलं.

मागच्या महिन्यात त्याच आयोजकाचा दुसरा कार्यक्रम होता. प्रश्नोत्तरांत एक सद्गृहस्थ उठले, म्हणाले, "प्रश्न असा नाही..." लगेच कमरेपाशी पंजा हलला. मी मान खाली घालून वायरींमध्ये काही शोधत बसलो. सद्गृहस्थांनी खिशातून कागद काढला आणि स्वतःची कविता वाचली. सहा मिनिटं. यमकं जुळवलेली, पाऊस आणि आई. शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू गेला, शेवटच्या रांगेपर्यंत. बिल अजून मिळालेलं नाही.